पर्वरीची बस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या पर्वरीत राहून रोज बसने पणजीला किंवा म्हापशाला जाणाऱ्यांसाठी हे पान आहे. थांब्यावर, ग्रामसभेत आणि कॉलनीच्या बैठकीत जे प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात, तेच इथे घेतले आहेत. मी स्वतः याच बसचा प्रवासी, त्यामुळे उत्तरेही प्रवाशाच्या बाजूनेच आहेत. माझे म्हणणे आधीच सांगतो. नव्या बस यायला आणि उड्डाणपूल उभा राहायला वेळ लागणार, हे मला मान्य आहे. पण वेळापत्रक लावणे, थांबे नीट करणे आणि शेवटची बस उशिरापर्यंत ठेवणे ही तीन कामे त्यासाठी अडून राहण्याची गरज नाही. ती आज होऊ शकतात.

सुधारित बससेवा म्हणजे आपल्याला नेमके काय मिळायचे आहे?

लोकांच्या बोलण्यात तीन गोष्टी येतात. एक, कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी परिवहन महामंडळाच्या, इलेक्ट्रिक बस. दोन, खाजगी बस कदंबच्या छत्राखाली आणणारी ‘म्हजी बस’ योजना. तीन, राष्ट्रीय महामार्ग ६६ वरचा पर्वरीचा उड्डाणमार्ग, ज्यामुळे खालचा रस्ता मोकळा होऊन बस वेळेत धावतील, अशी अपेक्षा आहे. तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या हातांत आहेत. कोणाला काय विचारायचे हे कळत नाही, त्याचे एक मोठे कारण हेच.

पर्वरी पणजीला इतकी खेटून आहे. मग पणजीतली शहर बससेवा आपल्याला का लागू होत नाही?

मांडवीचा पूल ओलांडला की तालुका बदलतो. पणजी तिसवाडीत, पर्वरी बार्देशात. पणजीला महानगरपालिका आहे, २०१६ मध्ये ते स्मार्ट सिटी योजनेत आले, आणि २०२४ मध्ये तिथल्या शहर मार्गांवर कदंबच्या इलेक्ट्रिक बस धावू लागल्या. ही आखणी शहराच्या गरजेतून झाली.

पर्वरीला साधी नगरपालिकासुद्धा नाही. ज्याला आपण सरसकट पर्वरी म्हणतो तो भाग सुकूर, पेन्ह दी फ्रान्स आणि साल्वादोर दो मुंद या पंचायतींत विभागलेला आहे. विधानसभा संकुल २००० साली इथे आले, सचिवालय इथे आहे, खुद्द कदंब महामंडळाचे मुख्यालय इथे आहे. टेकडीवर इमारतींमागून इमारती उभ्या राहिल्या. पण या सगळ्या वस्तीचा एकत्र विचार करून बसमार्ग आखणारी स्थानिक संस्था नाही. प्रत्येक पंचायत आपल्या हद्दीतला थांबा बघते आणि मार्ग मात्र पणजी–म्हापसा असा आखला जातो. त्यात पर्वरी हे फक्त मधले ठिकाण राहते. आमच्या अडचणीचे मूळ मला इथे दिसते.

हमरस्त्यावर बस तर भरपूर दिसतात. मग मला इतका वेळ का उभे राहावे लागते?

कारण त्या एकामागोमाग एक येतात. संध्याकाळी पणजीच्या बसस्थानकावर बघा. म्हापशाची बस सुटायची वेळ झालेली असते, ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून क्लचवर बस पुढे-मागे करत असतो आणि कंडक्टर दारात लोंबकळून ‘म्हापसा, म्हापसा, म्हापसा’ ओरडत असतो. मागे दुसरी बस येऊन लागते. पहिली जागेवरून हलत नाही, दुसरीने हॉर्न दिला की मग हलते. आता पहिली भरलेली, दुसरी अर्धी. दोघी मिळून पूल ओलांडतात. पर्वरीच्या थांब्यावर पहिली थांबते, दुसरी तिला मागे टाकून पुढच्या थांब्यावरचे प्रवासी उचलायला धावते. त्यानंतर बराच वेळ रस्त्यावर एकही बस नाही.

यात चालक-वाहकांचा स्वभाव दोषी आहे असे मी म्हणणार नाही. खाजगी बसची कमाई त्या दिवशी फाडलेल्या तिकिटांवर असते. रिकामी बस वेळेवर सोडली तर नुकसान मालकाचे आणि भरेपर्यंत थांबवली तर हाल प्रवाशाचे. व्यवस्थाच तशी आहे.

हिशेब मांडून बघा. तासाला सहा बस सारख्या अंतराने आल्या तर दोन बसमध्ये दहा मिनिटे जातात आणि तुम्हाला सरासरी पाच मिनिटे थांबावे लागते. त्याच सहा बस जोडीजोडीने आल्या तर अंतर वीस मिनिटांचे होते आणि सरासरी थांबणे दहा मिनिटांवर जाते. बस तेवढ्याच, डिझेल तेवढेच, हाल मात्र दुप्पट. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने शहरी वाहतुकीसाठी जे निकष ठरवले आहेत, त्यांत सरासरी थांबण्याचा वेळ चार मिनिटांपर्यंत असेल तर सेवा उत्तम आणि दहा मिनिटांच्या वर गेला तर सर्वांत खालच्या श्रेणीतली. एकही बस न वाढवता फक्त अंतर सारखे राखले तर आपण या शिडीवर एखाद-दोन पायऱ्या वर येऊ शकतो.

सरकारने आणखी बस आणल्या तर प्रश्न सुटेल का?

थोडा सुटेल. पण कोंडी नव्या बस गिळते, हे लक्षात घ्या. पणजी–म्हापसा अंतर १३ किलोमीटरच्या आसपास. समजा मोकळ्या रस्त्यावर जायला तीस मिनिटे, यायला तीस आणि दोन्ही टोकांना दहा-दहा मिनिटे. फेरी ऐंशी मिनिटांची झाली. आठ बस असतील तर दर दहा मिनिटांनी एक मिळते. आता कोंडीमुळे एका बाजूला पन्नास मिनिटे लागू लागली तर फेरी दोन तासांची होते. त्याच आठ बस आता पंधरा मिनिटांनी येतील. पूर्वीसारखी दहा मिनिटांनी हवी असेल तर बारा बस लागतील. म्हणजे चार बस विकत घ्यायच्या, त्यांना चालक-वाहक शोधायचे आणि हाती काय, तर जुनीच सेवा.

म्हणून ‘इतक्या नव्या बस आल्या’ ही बातमी वाचली की मी एकच प्रश्न विचारतो: फेरीला किती वेळ लागतो आहे?

उड्डाणमार्ग झाला की कोंडी संपेल ना?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पर्वरीतून जाणाऱ्या महामार्ग ६६ वर सुमारे पाच किलोमीटर लांबीचा सहापदरी उड्डाणमार्ग बांधण्याचे काम २०२४ मध्ये सुरू झाले. गरज खरी आहे. पणजी–म्हापसा ही रोजची ये-जा, किनारपट्टीकडे चोगम रस्त्याने वळणारे पर्यटक आणि डिसेंबर २०२२ मध्ये मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन झाल्यापासून तिकडे जाणारी वाहने, सगळे याच एका रस्त्यावर येतात. काम चालू असताना रस्ता अरुंद होतो, वळणे बदलतात, अवजड वाहने दुसरीकडे वळवावी लागतात, गाड्या सुकूर आणि सांगोल्ड्याच्या आतल्या रस्त्यांत शिरतात. त्या काळात बसला उशीर होणारच.

पण पूल झाल्यावर बस वरून जाणार की खालून? हे आत्ताच विचारून ठेवायला हवे. वरून जाणारी बस पर्वरीत थांबू शकत नाही. म्हापशाहून निघालेली थेट बस वर चढली की पणजीच्या बाजूलाच उतरणार. तिचा वेळ वाचेल, म्हापसेकरांची सोय होईल आणि ती करायलाच हवी. पण आपल्यासाठी खालच्या रस्त्याने, प्रत्येक थांबा घेत जाणारी बस वेगळी लागेल. तिचे परवाने, तिच्या फेऱ्या, तिचे थांबे आधी ठरले नाहीत तर सगळ्या चांगल्या बस डोक्यावरून जातील आणि खाली आपण उभे.

मांडवीवरच्याच अटल सेतूचे उदाहरण समोर आहे. जानेवारी २०१९ मध्ये तो खुला झाला आणि फोंडा-मडगावच्या दिशेने पुढे जाणाऱ्या वाहनांची फार मोठी सोय झाली. पण ज्याला पणजीत उतरायचे आहे त्याची बस जुन्याच मांडवी पुलांवरून जाते. मोठा पूल लांब पल्ल्याच्या वाहनाला पळवतो. मधल्या गावाच्या माणसाला त्याचा फायदा तेव्हाच होतो, जेव्हा खाली रिकाम्या झालेल्या रस्त्यावर बससाठी जागा राखून ठेवली जाते. ती जागा राखली नाही तर तिथे पार्किंग होणार. हे मी कटू मनाने लिहीत नाही. आराखड्यात बदल करण्याची वेळ अजून हातची गेलेली नाही, म्हणून लिहितो.

काम चालू असताना थांबा रोज वेगळ्या जागी का?

खांबाची पायाभरणी सुरू झाली की तिथला थांबा सरकतो आणि नवी जागा कंडक्टरच्या मर्जीवर ठरते. ओ कोकेरोच्या जंक्शनवर उतरणाऱ्या बाई पत्र्याच्या कुंपणाच्या कडेने, चिखल चुकवत, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात शाळकरी मुलाचा हात धरून चालताना मी पाहिल्या आहेत. बस त्यांना कुंपणाच्या अलीकडे सोडून गेली, कारण पलीकडे थांबायला जागाच नव्हती.

तात्पुरता थांबा म्हणजे फार काही नाही: एक फलक, रात्रीचा दिवा, दोन पावले टाकायला सपाट जमीन आणि वरून पत्रा. कामाच्या ठेक्यातच वाहतूक वळवण्याची जबाबदारी असते. बसप्रवाशांची पायवाट हा तिचाच भाग मानला पाहिजे. ही मागणी पंचायतीने लेखी करावी, तोंडी सांगून उपयोग नाही.

इलेक्ट्रिक बस यायला इतका वेळ का लागतो? पैसे दिले की बस मिळत नाही का?

बस हा त्यातला एक भाग. डेपोत चार्जिंगसाठी उच्च दाबाची वीजजोडणी आणि ट्रान्सफॉर्मर लागतो, उभ्या बससाठी जागा लागते, चार्जिंगला लागणारे तास धरून फेऱ्या नव्याने मांडाव्या लागतात. अशा बस बहुधा थेट विकत घेतल्या जात नाहीत. कंपनी बस पुरवते आणि चालवते, महामंडळ किलोमीटरमागे पैसे देते. म्हणजे निविदा, करार, केंद्राचे अनुदान असे टप्पे आले. एक टप्पा अडला की पुढचे सगळे अडतात.

शिवाय बारा मीटरची बस हमरस्त्याला ठीक. सुकूरच्या किंवा तोर्ड्याच्या रस्त्यावर ती वळणारच नाही. तिथे सात ते नऊ मीटरची लहान बस हवी आणि ती मागताना तसे स्पष्ट लिहून मागावे.

‘म्हजी बस’मध्ये खाजगी बस गेली तर प्रवाशाला काय फरक पडतो?

मालक बस कदंबकडे लावतो आणि त्याला तिकिटांऐवजी धावलेल्या किलोमीटरमागे पैसे मिळतात. तिकिटाचे पैसे कदंबचे. म्हणजे बस भरेपर्यंत थांबण्याचे कारणच संपते. वर सांगितलेल्या रोगावर मला हे योग्य औषध वाटते, म्हणून या योजनेला माझा पाठिंबा आहे.

याचा धोकाही सांगायला हवा. किलोमीटरमागे पैसे असले की थांबा न घेता पुढे पळण्याचा मोह होतो, कारण प्रवासी घेतले काय, न घेतले काय, मोबदला तोच. त्यासाठी बसवर नजर लागते. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना स्थानदर्शक यंत्र आणि धोक्याच्या वेळी दाबायचे बटण सक्तीचे आहे. बस कुठे आहे हे त्या यंत्राला माहीत असते. तीच माहिती प्रवाशाच्या मोबाईलवर आली तर अर्धा त्रास तिथेच कमी होईल.

खाजगी बसमालकच सगळ्याला जबाबदार, असे म्हणायचे का?

नाही. कदंब महामंडळ १९८० साली स्थापन झाले, त्याआधीही गोव्याच्या गावोगावी माणसे नेणारी बस खाजगीच होती आणि आजही कित्येक गावांत पहाटेची पहिली बस त्यांचीच असते. डिझेल, विमा, सुटे भाग, सगळे महागले. मुले धंद्यात यायला तयार नाहीत. मार्गावरून एखादी बस कायमची उठते तेव्हा गाजावाजा होत नाही. आठवड्याभराने प्रवाशांच्या लक्षात येते की ती सव्वासातची दिसत नाही.

त्यांना दोष देऊन घालवले आणि त्यांच्या जागी काही आणलेच नाही, तर नुकसान आपलेच. पण परवाना हा हक्क असला तरी त्याला अटी असतात. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे मार्ग, फेऱ्या, वेळा या परवान्याच्या अटी होऊ शकतात आणि अट मोडली तर परवाना निलंबितही होऊ शकतो. अट लिहिलेली आहे की नाही, हे आधी पाहिले पाहिजे.

रात्री आठनंतर बस का मिळत नाही?

कायद्याने चालक-वाहकांची पाळी आठ तासांची. सकाळी सहा ते रात्री दहा बस चालवायची तर दोन जोड्या लागतात. एका बसच्या मालकाकडे बहुधा एकच जोडी असते. ती पहाटेपासून राबलेली असते आणि अंधार पडला की प्रवासीही कमी होतात. मग बस घरी जाते.

पण रात्रीचे प्रवासी कमी का, याचे उत्तर ‘बस नाही म्हणून’ हेच आहे. पणजीतल्या दुकानात, हॉटेलात, औषधालयात काम करणारी मुलगी साडेआठला सुटते. तिला पायलट, म्हणजे भाड्याची मोटारसायकल, करावा लागतो, किंवा कोणाला तरी स्कूटर घेऊन बोलवावे लागते. दिवसाच्या कमाईतला एक तुकडा रोज तिथे जातो. पहिले सहा महिने रात्रीची बस तोट्यात धावेल, हे धरूनच ती सोडावी लागते. हे काम खाजगी मालकाकडून होणार नाही, ते कदंबनेच करायला हवे. माझ्या मते सगळ्या मागण्यांत ही पहिली असावी: पणजीहून म्हापशाला, सर्व थांबे घेत, नऊ आणि दहा वाजता सुटणारी बस.

बेतीच्या फेरीबोटीचा उपयोग होतो का?

बेती, वेरे आणि खालच्या भागातल्यांना होतो. पादचाऱ्यांना भाडे नाही आणि पलीकडे उतरले की पणजीच. टेकडीवरच्यांना मात्र बेतीच्या धक्क्यापर्यंत नेणारी लहान बस हवी. ती मिळाली तर पुलावरचा भार थोडा तरी हलका होईल.

कदंबचा पास खाजगी बसमध्ये चालतो का?

साध्या खाजगी बसमध्ये नाही. ‘म्हजी बस’ म्हणून धावणाऱ्या बसमध्ये चालतो. चढताना बसवरचे नाव बघा.

आम्ही स्कूटर घेऊन मोकळे झालो. आता बसचे काय पडले आहे?

गोव्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १४ लाख ५८ हजार होती. नोंदणीकृत वाहने पंधरा लाखांच्या वर गेली आहेत. बस वेळेवर नाही म्हणून स्कूटर आली, स्कूटर आणि गाड्या वाढल्या म्हणून कोंडी झाली, कोंडीमुळे बसला आणखी उशीर. तुमची स्कूटरही त्याच कोंडीत अडकते. घरातली आई, शाळेत जाणारा मुलगा, कामाला येणारी बाई बसनेच फिरते. बस सुधारली तर रस्ता तुमच्यासाठीही मोकळा होतो, म्हणून ग्रामसभेत तुम्हीही हात वर करा.

तक्रार नेमकी कुठे करायची?

बस थांबली नाही, वेळ पाळली नाही, जादा पैसे घेतले, असे काही घडले तर वाहतूक खात्याकडे लिहा. बसचा क्रमांक, तारीख, वेळ आणि थांबा, या चार गोष्टी हव्यातच. ‘बस कधीच वेळेवर नसते’ असे लिहिले तर कोणीच काही करू शकत नाही. कदंबची बस असेल तर महामंडळाकडे. कामामुळे सरकलेला थांबा, अंधार, खड्डा यासाठी पंचायतीमार्फत सार्वजनिक बांधकाम खात्याकडे.

एक काम कोणीही करू शकतो. माहिती अधिकार कायदा, २००५ खाली दहा रुपये भरून वाहतूक खात्याकडे अर्ज करा आणि तीन गोष्टी मागा: पणजी–म्हापसा मार्गावर सर्व थांबे घेणारे परवाने किती, त्या प्रत्येक परवान्यावर मंजूर झालेल्या सुटण्याच्या वेळा कोणत्या, आणि त्यांपैकी सध्या न धावणारे किती. तीस दिवसांत उत्तर यायला हवे. नाही आले किंवा अर्धवट आले तर पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील करता येते. ‘बस कमी आहेत’ आणि ‘मंजूर सव्वासातची बस धावत नाही’ या दोन वाक्यांत फार फरक आहे. दुसरे वाक्य घेऊन गेलात तर अधिकाऱ्याला फाईल उघडावीच लागते.

उत्तर हातात आले की ते ग्रामसभेत वाचून दाखवा आणि ठराव घ्या. तिन्ही पंचायतींनी एकाच शब्दांत ठराव केला तर उत्तम. आमदारांना तो विधानसभेत मांडायला सोपा जातो, आणि विधानसभा आपल्या थांब्यापासून हाकेच्या अंतरावर आहे.

सकाळी बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, जायचे आहे. कसे निघावे?

बहुतेकांना पणजीच्या बसस्थानकावर बस बदलावी लागते. आजारी माणूस बरोबर असेल तर पर्वरीहून गर्दीच्या आधीची बस पकडा आणि मध्ये एक बस हुकली तरी चालेल इतका वेळ हाताशी ठेवा. पणजीहून मडगाव किंवा वास्कोच्या थेट शटलमध्ये चढू नका, ती मधल्या थांब्यांसाठी नसते. गोवा वेल्हा, आगशीच्या बाजूला जाणारी साधी बस घ्या आणि चढतानाच ‘इस्पितळाकडे थांबते ना?’ असे विचारून घ्या. परतीच्या वेळी महामार्गाच्या पलीकडे जावे लागते, तेव्हा म्हाताऱ्या माणसाला एकटे सोडू नका.